प्राध्यापकांचे कासव आमच्या वस्तीत

गेल्या वर्षीच्या जून महिन्यातली गोष्ट. रविवारची अभ्यासिका आवरून आम्ही कुलूप शोधत होतो, तेवढ्यात एक भगिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात पिशवी आणि पिशवीत एका खासगी क्लासचे रंगीत माहितीपत्रक. त्यांची मुलगी तंत्रनिकेतनात संगणक शाखेत शिकते. तिसऱ्या सत्रात सी प्लस प्लस नावाचा विषय होता, त्यात ती एकदा नव्हे, दोनदा नापास झालेली. पहिल्या खेपेस ७० पैकी २१ आणि दुसऱ्या खेपेस १७. म्हणजे अभ्यास वाढला आणि गुण घटले! क्लासवाले एका विषयाचे १२ हजार मागत होते. बाईंचे यजमान सातपूरला ठेकेदाराकडे कामाला, बाई स्वतः द्राक्षांच्या हंगामात पॅकिंगला जातात आणि एरवी दोन घरची धुणीभांडी करतात.

“दादा, गळ्यातलं ठेवीन मी पतपेढीत,” त्या म्हणाल्या, “फक्त एवढं सांगा, हा क्लास बरा आहे का?”

आम्ही काय सांगणार? आम्ही बी. कॉम. झालेलो, उभी हयात आवक-जावक नोंदवह्यांत आणि बिलांच्या बेरजांत गेली. संगणकावर पत्र टाइप करता येते, तक्ता करता येतो, त्यापलीकडे यंत्राच्या पोटात काय चालते हे आम्हाला ठाऊक नाही. पण बाईंना “आठ दिवस थांबा” एवढे मात्र म्हणालो. का म्हणालो, ते तेव्हा आमचे आम्हालाही कळले नव्हते. एखाद्या मायमाउलीच्या गळ्यातले काळे मणी पतपेढीच्या कपाटात जाताना पाहवत नाही, एवढेच.

त्या आठवड्यात आपल्याच वस्तीतला एक तरुण भेटला. अंबडच्या एका कारखान्यात अभियंता आहे. त्याला सगळे सांगितले तर तो हसला आणि म्हणाला, “काका, क्लास राहू द्या. मी रविवारी कासव घेऊन येतो.” आम्हाला वाटले, पोरगा चेष्टा करतोय. रविवारी आला तो खिशात पेनड्राइव्ह घेऊन. त्यातच ते कासव होते.

हे कासव ज्यांनी दिले त्या प्राध्यापकांची ओळख आमच्या वाचकांना करून द्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

पवईचे गुरुजी

मुंबईत पवई तलावाच्या काठी आय.आय.टी. आहे हे आपण जाणतोच. तेथे प्रवेश घेणाऱ्या पहिल्या वर्षाच्या सर्व शाखांच्या मुलामुलींना, मग ते स्थापत्यचे असोत, रसायनचे असोत की धातुशास्त्राचे, संगणकाची आज्ञावली लिहिण्याचा एक सामाईक विषय असतो. संगणकशास्त्र विभागाचे प्राध्यापक अभिराम रानडे यांनी हा विषय शिकवला. आय.आय.टी.त पोहोचलेली मुले हुशार हे खरे, पण त्यांतलीही कित्येक अशी असतात की ज्यांनी त्यापूर्वी आज्ञावलीची एक ओळदेखील लिहिलेली नसते. अशा मुलांपुढे सुरुवातीलाच कंसांचे, अर्धविरामांचे आणि न समजणाऱ्या इंग्रजी शब्दांचे जंगल उभे केले की ती घाबरतात. रानडे सरांनी यावर उपाय काढला. वर्गासाठी त्यांनी स्वतः एक सॉफ्टवेअर लिहिले आणि त्याला नाव दिले सिम्पलसीपीपी. म्हणजे सोपे सी प्लस प्लस.

यात गंमत अशी. पडद्यावर एक छोटासा त्रिकोण दिसतो. त्याला कासव म्हणायचे. ‘फॉरवर्ड’ म्हणून कंसात १०० लिहिले की ते १०० ठिपके पुढे सरकते आणि मागे रेघ सोडते. ‘राइट’ म्हणून कंसात ९० लिहिले की काटकोनात उजवीकडे वळते. पुढे जा, वळ. पुढे जा, वळ. असे चार वेळा लिहिले की पडद्यावर चौकोन उभा. मग सर विचारतात, तेच ते चारदा कशाला लिहायचे? ‘रिपीट’ लिहून कंसात ४ घाला, संगणक स्वतःच चार वेळा करील. आता चाराच्या जागी सहा घालायचे असतील तर वळण किती अंशांचे? कासव पूर्ण फेरी मारून पहिल्या जागी येते, म्हणजे ते एकूण ३६० अंश वळते. ३६० भागिले सहा, म्हणजे ६०. बाजू कितीही असोत, कृती एकच.

वाचकहो, हे आम्हाला समजले! ज्या माणसाने शाळा सोडल्यावर कोनमापक हातात धरला नाही, त्या आमच्यासारख्या कारकुनाला समजले. मुलीला तर समजलेच. पण खरी गोष्ट पुढे आहे. तिची आई मागे सतरंजीवर बसून पाहत होती. ती म्हणाली, “म्हणजे रांगोळीसारखंच की. एक पाकळी काढायची, हात फिरवायचा, परत तीच पाकळी.” अभियंता तरुण तिच्याकडे पाहतच राहिला. तो म्हणाला, “मावशी, मला हे समजायला कॉलेजात दोन महिने लागले होते.”

नापास होण्याचे कारण त्या दिवशी आमच्या लक्षात आले. मुलगी कमअक्कल नव्हती. तिने पाने पाठ केली होती. वर्गात फळ्यावर लिहिलेली आज्ञावली वहीत, वहीतली डोक्यात आणि डोक्यातली उत्तरपत्रिकेत. मधे कोठेही ती यंत्राला चालवून पाहिलेली नव्हती, कारण घरी संगणक नाही आणि प्रयोगशाळेत एका यंत्रापुढे तिघी. त्यात पुढच्या बाकावरची जी असेल तिच्याच हाती कळफलक. पाठांतराने पोहायला येते काय? अभ्यास वाढला तरी गुण घटत होते ते यामुळे.

येथे एक सावधगिरीची सूचना मुद्दाम नोंदवतो, नाहीतर आमच्या लेखावर विसंबून कोणी परीक्षेत आपटायचे. ‘रिपीट’ हा शब्द मूळ सी प्लस प्लस भाषेत नाही. तो सरांनी नवशिक्यांसाठी घडवलेला आहे. आज्ञावलीची सुरुवातही त्यांनी सोपी करून दिली आहे. तंत्रनिकेतनाच्या किंवा विद्यापीठाच्या परीक्षेत असे लिहिले तर गुण मिळणार नाहीत. तेथे ‘फॉर’ आणि ‘व्हाइल’ हेच लिहावे लागते. रानडे सरही काही धड्यांनंतर विद्यार्थ्याला त्या मूळ शब्दांकडेच नेतात. सायकलला लहान मुलांसाठी मागे दोन छोटी चाके लावतात ना, तसा हा प्रकार आहे. ती चाके वेळेवर काढायची असतात.

हे सॉफ्टवेअर सरांनी आय.आय.टी.च्या आपल्या पानावर सर्वांसाठी ठेवले. पैसे नाहीत. कोणीही उतरवून घ्यावे. या पद्धतीवर त्यांनी लिहिलेला सी प्लस प्लसचा इंग्रजी ग्रंथ २०१४ मध्ये मॅकग्रॉ हिल या प्रकाशनसंस्थेने काढला. तो मात्र विकत घ्यावा लागतो, हे स्पष्ट केलेले बरे. पण त्याच विषयावरची त्यांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल. या योजनेत चित्रित झालेली आहेत आणि ती घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच शुल्क. त्या ग्रंथात चौकोन-षटकोनांवर गोष्ट थांबत नाही. ग्रहताऱ्यांनी एकमेकांना खेचत कसे फिरावे, याची आज्ञावलीदेखील विद्यार्थी शेवटी शेवटी लिहितो. पहिल्या दिवशीच्या ‘पुढे जा, वळ’ पासून तेथपर्यंत रस्ता सलग आहे.

कासवाचे कूळ

ही कासवाची कल्पना मूळची रानडे सरांची नव्हे. ती आली अमेरिकेतून, सेमूर पॅपर्ट यांच्याकडून. १९६७ च्या सुमारास पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो नावाची संगणकाची भाषा तयार केली. तिचे पहिले कासव पडद्यावरचे नव्हते; घुमटाच्या आकाराचे खरेखुरे यंत्र जमिनीवर पसरलेल्या कागदावर फिरायचे आणि पोटातल्या पेनने रेघा ओढायचे. पॅपर्ट जन्मले दक्षिण आफ्रिकेत, १९२८ साली, गोऱ्यांच्या घरात. तेथील वर्णभेदाची राजवट आपल्याला सांगायला नको. शाळकरी वयातच त्यांनी निरक्षर काळ्या घरकामगारांसाठी रात्रीचे वर्ग भरवण्याचा प्रयत्न केला आणि त्यापायी अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे ते मोठे गणिती झाले, पण शिकवण्याविषयीचे त्यांचे प्रेम कायम राहिले. मुलाने संगणकाला शिकवावे, संगणकाने मुलाला नव्हे, असे त्यांचे सांगणे होते. २०१६ मध्ये ते वारले. त्यांचे कासव मात्र प्रिटोरियाहून बॉस्टन, बॉस्टनहून पवई आणि पवईहून नाशिकरोडच्या आमच्या वस्तीत आले. कासवाची चाल हळू म्हणतात!

असो. पुन्हा आपल्या मुलीकडे येऊ.

कासवाने तिची भीती गेली. भाषेची अडचण राहिली. रानडे सरांची व्याख्याने इंग्रजीत आहेत, आणि दहावीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेल्या पोरीला ती अर्धीच कळत. येथे आणखी एक प्राध्यापक मदतीला आले, तेही पवईचेच. कन्नन मौदगल्य हे रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक. केंद्र सरकारने २००९ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या साह्याने शिक्षण देण्यासाठी जे राष्ट्रीय अभियान सुरू केले, त्याच्या पैशातून त्यांनी स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प उभा केला. एक पाठ साधारण दहा मिनिटांचा. पडद्यावर कोणीतरी संगणकावर काम करताना दिसतो आणि आवाज सांगत जातो की आता येथे दाबा, आता हे लिहा. हे पाठ अनेक भारतीय भाषांत बोलवून घेतलेले आहेत आणि त्यांत मराठी आहे. लिनक्स, लिबरऑफिस, सी आणि सी प्लस प्लस, जावा, पायथन, असे बरेच विषय त्यात येतात.

यात आम्हाला एक बारकावा फार आवडला. आवाज मराठी, पण पडद्यावरची अक्षरे इंग्रजीच ठेवलेली. प्रथम आम्हाला हा अर्धवटपणा वाटला. नंतर ध्यानात आले की नोकरीच्या ठिकाणी पडदा इंग्रजीच असणार आहे. तेव्हा डोळ्यांना इंग्रजीची सवय व्हावी आणि समज मात्र मायबोलीतून यावी, अशी ही रचना आहे. पाठ पाहायची रीतही ठरलेली आहे. अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर आपले काम. तो एक पाऊल टाकतो, पाठ थांबवायचा, आपण एक पाऊल टाकायचे. नुसते पाहत बसलेल्याला काही येत नाही. शिक्षक समोर नसताना नवख्याला एकट्याने शिकता आले पाहिजे, ही अट धरूनच हे पाठ लिहिले जातात.

मौदगल्य सरांचा आणखी एक उद्योग सांगण्यासारखा आहे. नियंत्रण प्रणाली हा अभियांत्रिकीतला अवघड विषय. तापमान, वेग, दाब हे हवे तेथे धरून कसे ठेवायचे, याचे शास्त्र. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जी भट्टी ठरावीक तापमानावर टिकते, ती या शास्त्रावर. याची प्रयोगशाळा महागडी असते. सरांच्या गटाने एक लहानसे उपकरण बनवले. पोलादाची छोटी पट्टी, तिला तापवायला नायक्रोमची तार, गार करायला संगणकात असतो तसला पंखा, तापमान मोजणारा एक इवलासा भाग आणि सगळ्यांचा कारभार पाहणारी एक चिप. झाले यंत्र. अशी अनेक यंत्रे पवईत मांडून ठेवली आणि इंटरनेटवरून दूरच्या कॉलेजातल्या मुलांना ती चालवू दिली. आडगावातला विद्यार्थी रात्री आपल्या खोलीत बसून पवईतली पट्टी तापवतो आणि तिचे आकडे मोजतो! आमच्या वडिलांची पिढी भट्टीपुढे उभी राहून अंगाची लाही करून घेत होती. नातू त्या भट्टीचे गणित खोलीत बसून शिकतो आहे, हे पाहायला ती पिढी हवी होती.

चोरीचे आणि मोकळे

आता थोडे आमच्या पापाविषयी. अभ्यासिकेत आम्ही वर्गणी काढून पहिला जुना संगणक आणला तेव्हा दुकानदाराने त्यात सगळी सॉफ्टवेअरे “भरून” दिली. आम्हीही खूश. ती चोरीची नक्कल आहे हे माहीत नव्हते असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पंचशीलातले दुसरे शील रोज सकाळी म्हणणारे आम्ही! मनाची समजूत अशी काढली की गरिबाने श्रीमंत कंपनीचे घेतले तर काय बिघडले. बिघडले ते असे: आपल्या वस्तीतला एक मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने आपला सगळा प्रकल्प अशाच एका नकली गणिती सॉफ्टवेअरवर केला आणि तोंडी परीक्षेच्या चार दिवस आधी ते चालेनासे झाले. परवान्याची किंमत त्याच्या वडिलांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी. रात्री जागून त्याने प्रकल्प पुन्हा केला, पास झाला, पण त्या चार दिवसांत त्याच्या घरचे कोणी नीट जेवले नाही.

तेव्हा त्याला कोणी सांगितले नव्हते की मॅटलॅब या महागड्या सॉफ्टवेअरचे बरेचसे काम करणारे सायलॅब नावाचे सॉफ्टवेअर आहे. ते फ्रान्समधील सरकारी संशोधन संस्थेत जन्मले आणि मोकळे आहे. मौदगल्य सरांच्या पुढाकाराने आय.आय.टी. मुंबईत फॉसी नावाचा प्रकल्प चालतो. त्यात अभियांत्रिकीच्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे देशभरच्या विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये उतरवून घेतली, तपासली आणि सर्वांसाठी ठेवली. काम करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे मानधनही दिले. हे आम्हाला विशेष वाटते. बिगारी करून घेतली नाही; लहान गावच्या कॉलेजातल्या पोराला कामाचे पैसे आणि कामावर नाव, दोन्ही मिळाले. याच प्रकल्पात विजेच्या मंडलांसाठी ईसिम आहे. स्थापत्यचे प्राध्यापक सिद्धार्थ घोष यांच्या नेतृत्वाखाली पोलादी बांधकामाच्या जोडांची आखणी करणारे ओसडॅग तयार झाले, तेही भारतीय मानकाला धरून. ज्या घरात मुलगा स्थापत्यला आहे त्यांनी हे नाव लिहून ठेवावे.

अभ्यासिकेच्या संगणकातून आम्ही ती नक्कल काढली आणि लिनक्स बसवले. दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी तर यंत्र सुरूच होईना आणि पोरे आमच्याकडे बघून हसू लागली. शेवटी अंबडचा तो तरुण रात्रपाळी करून आला आणि डोळे चोळत दहा मिनिटांत काम करून गेला. कासव बसवतानाही अशीच फजिती. त्याला आणखी एक पूरक फाइल लागते, ती नव्हती. मोकळ्या सॉफ्टवेअरची ही गोम आहे. दुकानदार नाही, तक्रार करायला खिडकी नाही. जाणता माणूस हाताशी लागतो. काही पाठही जुन्या आवृत्तीवरचे आहेत, त्यामुळे पडद्यावर दिसते एक आणि आपल्या यंत्रावर दुसरेच. मोबाइलवर पाठ पाहता येतो, पण आज्ञावलीचा सराव व्हायला कळफलक पाहिजे. आम्ही हे लपवू इच्छित नाही, कारण “सगळे फुकट आहे, शिका” असे सांगून मोकळे होणारे भाषणबाज आपल्याकडे कमी नाहीत.

आणि फुकट या शब्दाविषयीही बोलायला हवे. मुलीच्या आईने आम्हाला पहिल्याच दिवशी हळूच विचारले होते, “दादा, फुकट आहे म्हणजे खरं असेल का?” तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. क्लासची जाहिरात रिक्षाच्या पाठीवर असते, चौकात फलक असतो, पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो असतात. पवईच्या सरांचा फलक नाशिकमध्ये कोठे लागला आहे? ज्याला विकायचे असते तो दारापर्यंत येतो. ज्याने मोकळे ठेवले आहे तो ठेवून आपल्या वर्गाकडे निघून जातो. मधले अंतर तुम्ही-आम्ही चालायचे असते आणि नेमके तेच कोणी चालत नाही. ज्यांच्या घरात आधीच एक अभियंता आहे त्यांच्या मुलांना हे सगळे दहावीतच ठाऊक असते. ज्यांच्या घरात पहिलाच अभियंता घडतो आहे, त्यांना गळ्यातले गहाण ठेवल्यावर कळते, किंवा कळतही नाही.

याला दान म्हणावे का? आमच्या एका स्नेह्याने म्हटले की प्राध्यापक मोठे दानशूर. आम्हाला तसे वाटत नाही. आय.आय.टी. जनतेच्या पैशावर चालते. आपण काडेपेटी घेतो, साबण घेतो, त्यातला कर तेथे जातो. तेव्हा तेथे तयार झालेली विद्या आपल्या दारी यावी हा आपला हक्कच आहे, त्याबद्दल मिंधे होण्याचे कारण नाही. पण हेही तितकेच खरे की रानडे सरांनी सॉफ्टवेअर लिहिले नसते, किंवा लिहून आपल्या वर्गापुरते कुलपात ठेवले असते, तरी त्यांचा पगार एक रुपयाने कमी झाला नसता. कित्येक शिक्षक वीस वर्षांपूर्वीच्या पिवळ्या पडलेल्या टिपणांवर निवृत्त होतात आणि ती टिपणेही दुसऱ्याला दाखवत नाहीत. या विद्वानाने नवख्या मुलाची भीती ओळखून तिच्यावर औषध काढले आणि त्याची कृती उघड करून ठेवली. त्याबद्दल आदर वाटतो, आणि तो आम्ही येथे लिहून व्यक्त करतो.

नाशिककरांना हा विचार नवा नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेने २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली तेव्हा जगभर कौतुक झाले. पण त्याच्या बारा वर्षे आधी, १९८९ मध्ये, आपल्या गंगापूर धरणाच्या वाटेवर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. पहिले कुलगुरू राम ताकवले, पिंड शास्त्राच्या शिक्षकाचा. ज्ञानगंगा घरोघरी हे त्या विद्यापीठाचे ब्रीद. शिक्षण अर्धवट सुटलेल्या कामगाराने, संसारात अडकलेल्या बाईने पुस्तक घरी न्यावे, मराठीतून वाचावे आणि पदवी घ्यावी. आमच्या कार्यालयातले दोन शिपाई आणि वस्तीतल्या कितीतरी भगिनी याच वाटेने पदवीधर झाल्या. पवईचे पाठ ही त्याच वाटेची पुढची वळणे आहेत असे आम्हाला वाटते. फरक एवढाच की येथे अभ्यासकेंद्र आणि समंत्रक विद्यापीठ देते, तेथे ते आपले आपण उभे करायचे.

मुलीचे पुढे काय झाले? जून ते नोव्हेंबर दर रविवारी नऊ ते बारा ती आली. पाऊस असला तरी आली. कासव सहा आठवड्यांत मागे पडले, मराठी पाठ चालू राहिले, मग जुन्या प्रश्नपत्रिका, त्याही यंत्रावर चालवून. हिवाळी परीक्षेत ७० पैकी ४१ मिळाले. पहिला वर्ग नाही, बक्षीस नाही. आई पेढे घेऊन आली तेव्हा गळ्यातले जागेवर होते, एवढे आमच्या कारकुनी नजरेने टिपले.

आता ती मुलगी रविवारी आठवी-नववीच्या पोरांना बसवते. जयंती जवळ आल्यामुळे त्यांनी कासवाकडून चक्र काढून घेतले: १०० पुढे, १०० मागे, १५ अंश वळ, असे चोवीस वेळा. चोवीस आरे बरोबर आले, कारण ३६० भागिले २४ म्हणजे १५, हे एका आठवीच्या मुलाने आपणहून फळ्यावर मांडले होते. त्यानंतर त्या मुलाच्या डोक्यात आले की ‘जयभीम’ ही अक्षरे कासवाने काढावीत. पेन उचलायची आणि टेकवायची आज्ञा आहे, तिचा उपयोग करून त्याने ज आणि य कसेबसे जमवले. शिरोरेषा तर सरळच. पण ‘भी’च्या वेलांटीपाशी कासव अडले आहे. थोडे पुढे, थोडे वळ, असे पुष्कळदा केले तर गोलाई येते, एवढे त्याला कळले; किती थोडे आणि किती वेळा, यावर परवा अभ्यासिकेत भांडण झाले आणि साडेबारा वाजले तरी कोणी उठेना. शेवटी आम्ही दिवा मालवला. यंत्र तसेच चालू ठेवायला सांगितले आहे, रविवारी पुन्हा बसणार आहेत. ज्यांच्या घरी वापरात नसलेला कळफलक किंवा पडदा पडून असेल, त्यांनी तो घेऊन त्याच वेळी यावे.